इंग्रजी शब्द पाठ होतात, मग ऐनवेळी आठवत का नाहीत? डहाणू-तलासरीच्या उदाहरणातून समजून घेऊया

'रोज ५ नवे इंग्रजी शब्द शिका' असं सांगणारं एखादं रील तुम्हीही सेव्ह केलं असेलच. माझ्या फोनमध्ये अशी ढीगभर रील्स पडून आहेत. मागे छान म्युझिक, स्क्रीनवर 'सेरेन्डिपिटी'सारखा भारदस्त शब्द आणि खाली मराठी अर्थ. बघताना वाटतं, चला, एक शब्द आला! चार दिवसांनी कुणी अर्थ विचारला की मात्र काहीच आठवत नाही.

आता दुसरं चित्र डोळ्यांसमोर आणा. तलासरीजवळच्या एखाद्या पाड्यावरून रोज उंबरगावच्या किंवा बोईसरच्या कारखान्यात कामाला जाणारी एक मुलगी. बारावी झालेली. हातात पगाराची स्लिप आणि त्यावर 'डिडक्शन' असा रकाना. समोर लिहिलेली रक्कम आपल्याला जास्तीची मिळाली की आपल्या पगारातून कापली गेली? उत्तर त्या एका शब्दात आहे. तिला 'सेरेन्डिपिटी' आला नाही तरी चालेल. 'डिडक्शन' आला नाही तर तिचं नुकसान आहे.

इंग्रजीचा शब्दसाठा वाढवायचा म्हणजे नेमके कोणते शब्द शिकायचे, किती शिकायचे आणि ते लक्षात राहावेत म्हणून काय करायचं? पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या निमित्ताने हे समजून घेऊया. घरची भाषा, शाळेची भाषा आणि कागदावरची भाषा वेगळी असली की काय होतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

वाचता येतं, पण कळतं का?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्याआधी मराठी शाळांमध्ये इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या बहुतेकांनी दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हातात धरलेलं आहे. तरीही गाडी अडते.

'असर' या संस्थेच्या २०२३ च्या 'बियाँड बेसिक्स' अहवालात याचा एक धागा सापडतो. २६ राज्यांमधल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातल्या मुलामुलींची पाहणी झाली. महाराष्ट्रातून त्यात नांदेड होतं. या मुलांपैकी ५७.३ टक्के जणांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. हिशोब केला तर शंभरातल्या सुमारे ४२ जणांना वाचलेलं कळलं. काही मुलं अक्षरं जोडून वाक्य घडाघडा वाचतात, पण अर्थाशी त्यांची गाठच पडत नाही.

शब्दसाठ्याचं काम इथूनच सुरू होतं.

किती शब्द आले म्हणजे पुरे?

इंग्रजीत लाखो शब्द आहेत हे ऐकून घाबरायचं कारण नाही. सगळे शब्द सारख्या वेळा वापरले जात नाहीत. थोडे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे क्वचित.

हे ओळखून मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने १९५३ मध्ये सुमारे २,००० शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. 'जनरल सर्व्हिस लिस्ट' हे तिचं नाव. वेस्ट यांनी शिकवण्याचं बरंच काम ब्रिटिशांच्या काळात बंगालमध्ये, ढाक्याला केलं होतं. बंगाली मुलांना इंग्रजी पुस्तकं का जड जातात, या प्रश्नातूनच त्यांचा शब्द मोजण्याकडे कल वळला. एका पानावर फार नवे शब्द आले की मूल वाचणंच सोडून देतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

साध्या इंग्रजी मजकुरातले साधारण ८० टक्के शब्द या यादीतले असतात. ८० टक्के ऐकायला भरपूर वाटतात, पण त्याचा अर्थ दर पाच शब्दांमागे एक शब्द अनोळखी. पेपर किंवा पुस्तक मदतीशिवाय आरामात वाचायचं असेल तर न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात. शब्दकूळ म्हणजे 'पे', 'पेड', 'पेमेंट' असे एकाच मुळातून आलेले शब्द. एक ओळखीचा झाला की बाकीचे सोपे जातात.

आपल्यासाठी यातून हिशोब असा निघतो: रोज ५ शब्द, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे वर्षाला सुमारे १,५००. दीड-दोन वर्षांत पायाचे शब्द हाती येतात. अट एकच, ते डोक्यात राहिले पाहिजेत.

रीलमधला शब्द टिकत का नाही?

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये विसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगासाठी माणूस एकच, तो स्वतः. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक वेळाने किती उरले ते तपासायचं. पाठ केलेलं सगळ्यात वेगाने निसटतं ते सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत, हे त्यातून दिसलं. मधे मधे उजळणी केली की विसरण्याचा वेग कमी होतो.

पण उजळणी म्हणजे नुसतं पुन्हा वाचणं का? इथे २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक प्रयोग कामाला येतो. अमेरिकी संशोधक जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ शिकायला दिले. शब्द एकदा आल्यावर काहींनी तो फक्त पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी अर्थ झाकून तो पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून पाहणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, तर नुसतं वाचणाऱ्यांना साधारण ३५ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल असं आधी विचारलं, तेव्हा सगळ्याच गटांचा अंदाज ५० टक्क्यांच्या आसपास होता. आपल्याला काय येतं याबद्दल आपलीच फसगत होते.

रील बघताना नेमकं हेच होतं. शब्द आणि अर्थ एकाच वेळी समोर असतात, त्यामुळे मेंदूला शोधाशोध करावी लागत नाही. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डहाणू-तलासरीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा का?

आतापर्यंतचं सगळं पुण्या-मुंबईतल्या मुलालाही लागू आहे. डहाणू-तलासरीत त्यावर आणखी एक थर चढतो.

हे दोन्ही तालुके आदिवासीबहुल आहेत आणि पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. अनेक घरांत वारली बोलतात, काही घरांत धोडिया, दुबळा समाजाच्या बोली. बाजारात आणि हद्दीपलीकडच्या कारखान्यांत गुजराती. टीव्ही आणि मोबाईलवर हिंदी. शाळेत प्रमाण मराठी. या सगळ्यांनंतर नंबर लागतो इंग्रजीचा.

अशा मुलाला वर्गात सांगितलं जातं, 'नोटिफिकेशन म्हणजे अधिसूचना.' वहीत उत्तर बरोबर लिहिलं जातं. पण 'अधिसूचना' तरी कुठे घरचा शब्द आहे? एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दाने सांगितला, तर पाठांतर होतं आणि अर्थ लागत नाही. 'सरकारने सगळ्यांना कळावं म्हणून छापून काढलेला हुकूम' असं म्हटलं की चित्र उभं राहतं. तेच वारलीत सांगितलं तर आणखी लवकर.

खरं तर ही अडचण फक्त आदिवासी मुलांची नाही. 'कम्पेन्सेशन म्हणजे प्रतिपूर्ती' हे वाचून आपल्यापैकी कितीजणांना काही कळतं? 'नुकसान झालं त्याची भरपाई' म्हटलं की लगेच कळतं.

कोसबाडच्या टेकडीवर सापडलेलं उत्तर

या प्रश्नाचं एक उत्तर याच मातीत सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं. ते इंग्रजीसाठी नव्हतं, पण तत्त्व तेच.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य गावात परवडणारं नव्हतं. मग बिया, शंख-शिंपले, पानं, फुलं, माती असं आजूबाजूला मिळणारं साहित्य शिकवायला घेतलं. मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळत होती, गुरं राखत होती. तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरं चरायच्या जागी भरली ती कुरणशाळा. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोचला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री.

मुलाच्या रोजच्या जगातून सुरुवात करायची, हे या सगळ्याचं सूत्र. इंग्रजी शब्दांनाही ते जसंच्या तसं लागू पडतं.

घोलवडच्या चिकूचंच बघा. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत काम करणाऱ्याला 'ऑर्चर्ड' म्हणजे वाडी, 'राइप' म्हणजे पिकलेलं, 'ग्राफ्टिंग' म्हणजे कलम बांधणं हे शब्द एकदा सांगितले की लक्षात राहतात, कारण त्या गोष्टी रोज हाताखालून जातात. वारली चित्रं काढणाऱ्याला 'राइस पेस्ट', 'मड वॉल', 'हार्वेस्ट' हे शब्द परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना लगेच लागतात. त्याच्यासाठी 'ऑर्डर', 'ॲडव्हान्स' आणि 'कॉपीराइट' हे शब्द तर थेट कमाईशी जोडलेले आहेत.

काही शब्दांचं भाषांतर करायचं नाही, हेही यातच शिकायला मिळतं. 'तारपा'ला इंग्रजीत तारपाच म्हणायचं आणि तो काय असतो ते एका वाक्यात सांगायचं. आणि शब्दशः अर्थ लावायची सवय असेल तर किनाऱ्यावर या. इथे दोरीवर वाळणाऱ्या बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. त्यात बदक औषधालाही नाही.

निम्मे शब्द तुमच्याकडे आधीच आहेत

मराठी बोलताना आपण दिवसभरात शेकडो इंग्रजी शब्द वापरतो. बस, फॉर्म, लाइट, बॅलन्स, चार्ज, पास. हे भांडवल फुकटचं आहे, फक्त ते नीट तपासून घ्यावं लागतं.

'चार्ज' हा एकच शब्द घ्या. मोबाईल चार्ज करतो, डॉक्टर किती चार्ज करतात विचारतो, ऑफिसात कुणीतरी 'इनचार्ज' असतो आणि पोलीस 'चार्जशीट' दाखल करतात. वीज भरणं, पैसे आकारणं, जबाबदारी आणि आरोप असे चार अर्थ तुम्हाला आधीच माहीत आहेत.

काही शब्द मात्र मराठीत येऊन अर्थ बदलून बसलेत. आपण चहा प्यायला 'हॉटेल'मध्ये जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुख्यतः मुक्कामाची जागा. 'मी २०२२ ला पास आउट झालो' असं आपण अभिमानाने सांगतो. भारताबाहेर त्याचा अर्थ 'मी बेशुद्ध पडलो' असा घेतला जाण्याची शक्यता जास्त!

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली आहे. इंग्रजीतला 'मंगूस' आपल्या मुंगसावरून गेलेला आहे आणि 'गनी बॅग'मधली 'गनी' म्हणजे आपली गोणी. त्यामुळे इंग्रजी अगदीच परकी आहे, असं समजून दबून जायचं काही कारण नाही.

जिथे एक शब्द महागात पडू शकतो

नवीन पार्सल आलं की खोक्यावर 'फ्रॅजाइल' लिहिलेलं असतं. म्हणजे आतली वस्तू नाजूक आहे, जपून हाताळा. आता हाच शब्द दुसऱ्या कागदावर बघा. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुक्याला 'इकॉलॉजिकली फ्रॅजाइल' ठरवलं, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक. तालुक्यात कोणते उद्योग येऊ शकतात आणि कोणते नाहीत, यावर त्यामुळे मर्यादा आल्या. खोक्यावरचा शब्द ज्याला कळतो, त्याला हा कागदही निम्मा कळला.

या भागात आता मोठे प्रकल्प येताहेत. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा महामार्गाचं कामही याच पट्ट्यातून जातं. प्रकल्पाला तुमचा पाठिंबा असो की विरोध, कागद वाचता यायला हवा. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणं २००६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. शेकडो पानांच्या मूळ अहवालाला मात्र ते लागू नाही आणि तो इंग्रजीत असतो.

अशा कागदांत अडवणारे शब्द नेहमी मोठेच असतात असं नाही. छोटे शब्दच जास्त धोकादायक असतात:

- 'शल' म्हणजे करावंच लागेल, 'मे' म्हणजे करता येईल. एकात सक्ती आहे, दुसऱ्यात मोकळीक.
- 'विदिन सिक्स्टी डेज' म्हणजे ६० दिवसांच्या आत. ६० दिवसांनंतर नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घ्यायला हीच मुदत आहे. वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे दाद मागायलाही ६० दिवसच मिळतात.
- 'अनलेस' म्हणजे 'तसं झालं नाही तर'. हा शब्द नजरेतून सुटला तर वाक्याचा अर्थ उलटा होतो.
- 'सब्जेक्ट टू' म्हणजे 'या अटीवर'. इथे शाळेतल्या विषयाशी संबंध नाही.
- 'कन्सेंट' म्हणजे संमती. हा शब्द दिसला की सही करण्याआधी थांबायचं आणि पूर्ण वाचून घ्यायचं.

औषधाच्या पाकिटावरही असंच. 'ट्वाइस डेली' म्हणजे दिवसातून दोनदा, 'बिफोर फूड' म्हणजे जेवणाआधी. हे शब्द चुकीचे वाचले तर काय होईल, ते सांगायला नको.

मग रोज नेमकं काय करायचं?

१. शब्द तुमच्या दिवसातून उचला. पगाराची स्लिप, बँकेचा मेसेज, खताची गोणी, औषधाचं पाकीट, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस. जिथे अडलात, तो आजचा शब्द. दिवसाला पाचच.

२. चिठ्ठी बनवा. जुन्या वहीचा कागद चालेल. एका बाजूला इंग्रजी अक्षरांत शब्द आणि तो जिथे सापडला ते छोटं वाक्य. मागच्या बाजूला अर्थ, आणि तो घरी बोलता त्या भाषेत. स्पेलिंग लिहायचंच. देवनागरीत तारखेचा 'डेट' आणि कर्जाचा 'डेट' सारखेच दिसतात. बँकेच्या कागदावर हा फरक चांगलाच महाग पडेल.

३. आधी आठवा, मग उलटा. अर्थ लगेच बघू नका. दहा सेकंद डोक्याला ताण द्या. चुकलं तरी चालेल.

४. तीन खोकी ठेवा. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात, ती रोज बघायची. बरोबर आली की दुसऱ्या खोक्यात, ती तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आली की तिसऱ्यात, ती आठवड्याने. कुठेही चुकली की परत पहिल्यात. मोबाईलवर याच तत्त्वावर चालणारी फुकट ॲप्स आहेत, पण चपलांची रिकामी खोकीही तेवढंच काम करतात.

५. शब्द एकटा शिकू नका. 'ड्यू' एकटा लक्षात राहत नाही, 'ड्यू डेट' म्हणजे भरायची शेवटची तारीख हे राहतं. 'अप्लाय'बरोबर 'अप्लाय फॉर' शिका.

६. जुळे शब्द एका दिवशी नको. 'बॉरो' म्हणजे उसनं घेणं आणि 'लेंड' म्हणजे उसनं देणं, हे दोन्ही एकत्र शिकले तर कोणता कुठला यात गोंधळ होतो. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांमध्येही हेच दिसलं होतं. एक पक्का झाला की मग दुसरा घ्या.

७. त्याच दिवशी वापरा. मित्राला एक व्हॉइस नोट पाठवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य लिहा. हसतील, हसू द्या.

सरकारी शब्द अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. त्यात शासकीय प्रतिशब्द मिळेल, पण तिथेच थांबू नका. तो प्रतिशब्द आईला किंवा आजीला कळेल अशा भाषेत सांगता आला, तर समजा शब्द तुमचा झाला. ट्रान्सलेट ॲपचीही मदत घ्या, मात्र सही करायच्या कागदावर फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. जाणकार माणसाला दाखवा.

सुरुवात कुठून करायची?

घरात या क्षणी पडलेला एक इंग्रजी कागद शोधा. विजेचं बिल, रेशनचा फॉर्म, औषधाचं पाकीट, काहीही चालेल. त्यातले न कळलेले पाच शब्द पाच चिठ्ठ्यांवर लिहा. उद्या सकाळी चहा उकळेपर्यंत त्या चिठ्ठ्या बघा, अर्थ झाकून.

आणि पगाराची स्लिप हातात असेल तर पहिली चिठ्ठी 'डिडक्शन'ची. अर्थ: पगारातून कापलेले पैसे. तो कळला की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कशासाठी कापले? तो विचारायला मात्र इंग्रजीची गरज नाही.